डिस्टिलरीच्या टूरला जाताय? मग नाक तयार ठेवा

व्हिस्कीच्या डिस्टिलरीची टूर म्हटलं की बहुतेकांचं सगळं लक्ष शेवटच्या टेस्टिंगवर असतं, आणि त्याआधीचा तासभर कसातरी काढायचा असतो. गाइड पाइप दाखवतो, टाक्या दाखवतो, मोठाले तांब्याचे हंडे दिसले की सगळ्यांचे मोबाईल बाहेर येतात, कुणीतरी "मग प्यायला कधी मिळणार" असा जोक मारतो, झालं. माझं मत असं की टेस्टिंग पहिल्या खोलीतच सुरू होतं, फक्त हातात ग्लास नसतो. प्रत्येक खोलीचा वास वेगळा असतो आणि त्यातले बरेचसे वास शेवटी ग्लासात परत भेटतात. ते जाता जाता नाकात साठवून घेतले तर शेवटी समोर ठेवलेल्या तीन-चार ग्लासांमध्ये नक्की काय वेगळं आहे ते आपलं आपल्याला कळतं, गाइडने "व्हॅनिला येतोय बघा" म्हटलं म्हणून मान डोलवायची वेळ येत नाही. त्यामुळे पहिली सूचना हीच की त्या दिवशी परफ्युम, डिओ काही लावू नका, तुमचंही नाक बिघडतं आणि शेजारच्याचंही.

आता थोडक्यात मूळ गोष्ट. धान्य घ्यायचं, त्यातल्या स्टार्चची साखर करायची, ती साखर यीस्टला खाऊ घालून अल्कोहोल करायचं, ते तापवून वाफेच्या रूपात वेगळं काढायचं आणि मग लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवायचं. बस, एवढंच. स्कॉटलंड असो, आयर्लंड असो, अमेरिकेतलं केंटकी असो की जपान, टूर याच क्रमाने जाते. फरक पडतो तो प्रत्येक पायरीवर कुणी काय ठरवलंय त्याने.

सुरुवात धान्याने. सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची माल्टपासूनची व्हिस्की असेल तर फक्त बार्ली, आणि तीही मोड आणलेली. बार्ली भिजवायची, मोड फुटू द्यायचे आणि ते फार वाढायच्या आत भट्टीत वाळवून थांबवायचं, यालाच माल्टिंग म्हणतात. मोड का, तर मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि पुढे स्टार्चची साखर तेच करतात. आजकाल बहुतेक डिस्टिलऱ्या तयार माल्ट बाहेरून आणतात, त्यामुळे ही पायरी टूरवर बऱ्याचदा नुसती तोंडी सांगतात. पण स्कॉटलंडच्या बोमोर, लॅफ्रॉइग, बॅल्वेनी, स्प्रिंगबँक अशा काही डिस्टिलऱ्यांत अजून जमिनीवर बार्ली पसरून, माणसं लावून ती उलटीपालटी करतात, आणि संधी मिळाली तर हे बघाच, कारण ओल्या धान्याचा तो वास पुन्हा कुठे मिळत नाही.

धुराचा वासही इथूनच येतो. काही व्हिस्क्यांना जो औषधी, करपट, दवाखान्यात शिरल्यासारखा वास येतो ना, तो पीटचा. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा, तो वाळवून भट्टीत जाळतात आणि ओलसर माल्ट तो धूर शोषून घेतं. त्यातले फिनॉल, म्हणजे धुराचा वास देणारी संयुगं, पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मोजतात, स्कॉटलंडच्या आर्डबेग डिस्टिलरीसाठी वापरतात त्या माल्टचा आकडा ५५ पीपीएमच्या आसपास असतो. पण हा आकडा माल्टचा आहे हं, बाटलीतला नाही, मधल्या सगळ्या प्रवासात त्यातलं बरंच उडून जातं, म्हणून पीपीएम जास्त म्हणजे ग्लासात धूर तेवढाच जास्त असं सरळ गणित नसतं. आणि "आमच्या झऱ्याचं पाणी पीटमधून वाहत येतं म्हणून चव अशी" हे वाक्य कुठे ना कुठे ऐकू येईलच. ऐकायला छान आहे, पण धुराची चव येते ती मुख्यतः भट्टीतून.

मग गिरणी. माल्ट भरडतात, अगदी पीठ करत नाहीत, कारण साल शाबूत राहिली तर पुढे तीच गाळणीचं काम करते. इथे फार वेळ जात नाही आणि जाऊही नये.

पुढे मॅश टन, म्हणजे एक प्रचंड गोल भांडं, त्यात भरड आणि गरम पाणी. पहिलं पाणी साधारण ६३-६४ अंश सेल्सिअसचं, कारण त्याच्या फार वर गेलं तर एन्झाइम मरतात. नंतर आणखी गरम पाणी घालून उरलीसुरली साखर धुऊन काढतात, आणि शेवटच्या पाण्यात साखर अगदी कमी उतरते म्हणून ते पुढच्या बॅचला पहिलं पाणी म्हणून वापरतात, वाया काहीच घालवत नाहीत. उरलेला चोथा गुरांच्या खाद्यात जातो. या खोलीत गोडसर, गरम धान्याचा वास असतो. हा लक्षात ठेवा, कोवळ्या व्हिस्कीत तो बरोब्बर सापडतो.

आता खरी खोली येते, आंबवण्याची, आणि माझ्या मते टूरमधली सगळ्यात दुर्लक्षित. मोठमोठ्या टाक्या असतात, त्यांना वॉशबॅक म्हणतात, कुठे स्टीलच्या तर कुठे पाइनसारख्या लाकडाच्या. गोड पाणी थंड करून त्यात सोडतात, यीस्ट घालतात आणि मग ते जे काही उसळतं! फेस इतका वर येतो की तो मोडायला टाकीच्या झाकणाखाली फिरणारी पाती बसवलेली असतात आणि त्यांचा फट फट आवाज येत राहतो. गाइड झाकण उघडून "वास घ्या" म्हणतो तेव्हा डोकं आत घालून खोल श्वास घेऊ नका, वर कार्बन डायऑक्साइडचा थर असतो आणि तो नाकात असा झोंबतो की डोळ्यातून पाणी येतं, काही गाइड मजा म्हणून मुद्दाम सांगत नाहीत. हाताने वारा घालत थोडासा वास आपल्याकडे ओढायचा.

जमलं तर एक सुरुवातीची आणि एक संपत आलेली अशा दोन टाक्यांचा वास घ्या. पहिलीत पावासारखा वास, आणि दुसरीत सफरचंद, केळं, कधी नासपती, शिवाय थोडी आंबूस झाक. फळं कुणी घातलेली नसतात, यीस्ट काम करताना एस्टर नावाची संयुगं तयार करतं त्यांचा हा दरवळ. कुणी ४८ तासांत आटोपतं, कुणी १०० तासांच्याही पुढे नेतं. अल्कोहोल तर पहिल्या दोन दिवसांतच जवळपास सगळं तयार होतं, मग पुढे ताटकळत का ठेवायचं? तर यीस्ट थकल्यावर लॅक्टिक बॅक्टेरिया कामाला लागतात आणि फळांची, फुलांची चव त्यानंतर वाढते. कमी वेळ दिला तर चव धान्याकडे, सुक्यामेव्याकडे झुकते. म्हणून गाइडला एकच प्रश्न विचारायचा असेल तर "तुम्ही किती तास आंबवता" हा विचारा, उत्तर आलं की पुढे ग्लासात काय येणार याचा अर्धा अंदाज तिथेच येतो. शेवटी हातात जे येतं त्याला वॉश म्हणतात, ७ ते ९ टक्के अल्कोहोलची, हॉप्स नसलेली बिअरच ती. केंटकीत काही ठिकाणी उघड्या टाकीत बोट बुडवून चाखूही देतात. तिथे आंबटपणा जास्त लागतो कारण आधीच्या बॅचच्या डिस्टिलेशननंतर उरलेलं आंबट पाणी पुढच्या मॅशमध्ये मिसळायची पद्धत आहे, सावर मॅश म्हणतात तिला.

मग येतो स्टिलहाऊस. इथे एकदम उकडायला लागतं, आणि समोर ते तांब्याचे चकचकीत पॉट स्टिल, म्हणजे दारू गाळायचे हंडे. फोटो काढावेसे वाटणारच, पण आधी विचारा, हवेत अल्कोहोलची वाफ असल्यामुळे काही ठिकाणी मोबाईल बंद करायला लावतात. कारण अगदी साधं आहे, ठिणगी नको.

तत्त्व असं की अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतं आणि पाणी १०० ला, त्यामुळे वॉश तापवला की अल्कोहोल आणि वासाचे घटक आधी वर जातात, ते थंड करून गोळा करायचे. पहिल्या स्टिलमधून निघतं ते २०-२५ टक्क्यांचं, ते दुसऱ्या स्टिलमध्ये परत गाळलं की ७० टक्क्यांच्या आसपास जातं. स्कॉटलंडमध्ये बहुतेक दोनदा, आयर्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी तीनदा, अर्थात अपवाद दोन्हीकडे आहेत, स्कॉटलंडची ऑखेंटॉशन तीनदा गाळते.

तांबंच का, दुसरं काही का नाही? तांबं उष्णता छान वाहून नेतं हे आहेच, पण मुख्य कारण म्हणजे वाफेतली गंधकाची संयुगं, उकडलेल्या कोबीसारखा, विझलेल्या काडीसारखा वास देणारी, ती तांब्याला चिकटून निघून जातात. वाफ तांब्याला जितका वेळ घासत जाईल तितकी दारू हलकी. स्टिलचा आकार महत्त्वाचा तो याचमुळे. ग्लेनमोरँजीच्या स्टिलच्या माना पाच मीटरच्या वर आहेत, तिथे जड वाफ वर पोचायच्या आतच थंड होऊन परत खाली येते, चुलीवरच्या भांड्याच्या झाकणाला आतून थेंब धरून ते परत भांड्यात पडतात ना, अगदी तसं. मॅकॅलनचे स्टिल उलट बुटके, म्हणून तिथली दारू जाड, तेलकट. स्टिल बघताना त्याची उंची आणि वरून निघणारी नळी चढती आहे की उतरती एवढं बघून घ्या, बाकी चकाकी पॉलिशची.

याच खोलीत एक पितळी-काचेची कुलूपबंद पेटी असते, स्पिरिट सेफ. मला विचाराल तर अख्ख्या इमारतीत बघण्यासारखी वस्तू ही. स्टिलमधून येणारी धार या पेटीतून वाहते आणि स्टिलमनला तिला हात लावता येत नाही, कुलूप पूर्वी कर वसूल करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे असायचं, कारण एकही थेंब कर चुकवून बाहेर जायला नको. मग माणूस बाहेरच्या मुठी फिरवून आतली तोटी हलवतो, हायड्रोमीटर नावाची मोजनळी तरंगवून अल्कोहोलची टक्केवारी बघतो आणि थोडं पाणी मिसळून बघतो. पाणी घातल्यावर दारू दुधाळ झाली तर अजून सुरुवातीचा भाग चालू आहे, स्वच्छ राहिली की कामाचा भाग आला. सुरुवातीचा भाग तीव्र, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास मारतो. मधला भाग म्हणजे हार्ट, फक्त तोच पिंपात जातो. शेवटचा जड, घामट, ओल्या पुठ्ठ्यासारखा. पहिला आणि शेवटचा फेकत नाहीत, पुढच्या बॅचमध्ये परत गाळतात. हार्ट कधी धरायचा आणि कधी सोडायचा हा निर्णय प्रत्येक डिस्टिलरीचा वेगळा, आणि धुराची चव धारेत उशिरा उतरते त्यामुळे धुरकट व्हिस्की करणारे जरा जास्त वेळ धरून ठेवतात. थोडं जास्त ताणलं की घामट वास शिरलाच म्हणून समजा.

केंटकीत गेलात तर पॉट स्टिलऐवजी काही मजले उंच तांब्याचा खांब दिसेल, कॉलम स्टिल. वॉश वरून सोडायचा, वाफ खालून, न थांबता दिवसरात्र काम चालू. आयर्लंडच्या इनियस कॉफीने १८३० मध्ये याचं पेटंट घेतलं आणि त्याच्यामुळेच पुढे स्वस्तातली ग्रेन व्हिस्की (मका, गहू अशा धान्यांची) आणि ती माल्ट व्हिस्कीत मिसळून केलेले ब्लेंड शक्य झाले. दिसायला रुक्ष आहे पण जगातली बरीच व्हिस्की यातूनच येते. टेनेसीत आणखी एक पायरी असते, जॅक डॅनियल्सकडे ताजी दारू शुगर मेपलच्या कोळशाच्या साधारण तीन मीटर जाड थरातून थेंब थेंब झिरपवतात.

स्टिलमधून निघालेली दारू पाण्यासारखी रंगहीन असते, तिला न्यू मेक म्हणतात. कुठे हातावर दोन थेंब देतात, ते तळव्यावर चोळा, अल्कोहोल उडू द्या आणि मग वास घ्या. मॅशचं धान्य, वॉशबॅकमधली फळं, सगळं तिथे सापडतं. रंग नाही, व्हॅनिला नाही, कारण अजून लाकूड भेटलेलं नाही.

आता गोदाम. बाहेरून भिंती आणि आसपासची झाडं काळी पडलेली दिसतील, तो धूर नाही की घाण नाही, ती बुरशी आहे, बॉडोइनिया नावाची, हवेत उडालेल्या अल्कोहोलवर पोसते. पिंपातून दरवर्षी थोडी दारू उडून जाते, त्यालाच एंजल्स शेअर म्हणतात, स्कॉटलंडमध्ये साधारण २ टक्के, आणि भारत किंवा तैवानसारख्या गरम हवेत १० टक्क्यांच्या आसपासही जाते. म्हणून तिकडची पाच-सहा वर्षांची व्हिस्की पुरेशी मुरलेली असते आणि तीस वर्षं ठेवायची म्हटली तर पिंपात उरेल काय हा प्रश्न. केंटकीच्या उंच गोदामांत वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात भट्टी होते, तिथे पाणी अल्कोहोलपेक्षा जास्त वेगाने उडतं आणि दारूची टक्केवारी चक्क वाढते, स्कॉटलंडच्या दमट थंडीत ती हळूहळू घटते.

नियमही इथेच कळतात. स्कॉच म्हणायचं तर स्कॉटलंडमध्ये, ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं, आणि बाटलीत किमान ४० टक्के. बर्बन म्हणायचं तर अमेरिकेत, किमान ५१ टक्के मका, आणि आतून जाळलेलं नवंकोरं ओक. नवंकोरं म्हटल्यामुळे बर्बनवाल्यांना तेच पिंप पुन्हा बर्बनसाठी वापरता येत नाही, मग ती वापरलेली पिंपं जातात कुठे, तर स्कॉटलंड, आयर्लंड, जपान. एकाच्या कायद्यावर दुसऱ्याचा अख्खा धंदा उभा आहे. बर्बनचं पिंप सुमारे २०० लिटरचं, त्यातून व्हॅनिला, नारळ, कॅरॅमल. शेरी ही स्पेनची वाइन मुरवलेलं मोठं पिंप ५०० लिटरचं, त्यातून मनुका, अंजीर, सुंठ-दालचिनीसारखा मसाला. चवीतला साठ-सत्तर टक्के वाटा लाकडाचा असं गाइड सांगेल, त्या आकड्याला फार चिकटून राहू नका, पण वाटा मोठा आहे यात वाद नाही. गोदामातच टेस्टिंग असलेली टूर मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी तीच घ्या. पिंपाचं बूच काढून लांब नळीने थेट दारू खेचून ग्लासात देतात, ५५-६० टक्क्यांची, फिल्टर न केलेली, कधी कधी तळाशी कोळशाचे काळे कण.

बाटलीत भरायचा विभाग असेल तर पाच मिनिटं पुरे.

टेस्टिंगला बसलात की घाई करू नका. पोट रिकामं नको, सोबत पाणी हवं. ग्लास फुगीर आणि तोंडाशी निमुळता असतो, वास वर गोळा व्हावा म्हणून. नाक एकदम आत खुपसलं तर फक्त अल्कोहोलचा भपकारा येतो आणि पुढची काही मिनिटं नाक बधिर. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, हळूहळू वर आणा. मग स्वतःला विचारा की हा वास कुठल्या खोलीतला. सफरचंद आहे, वॉशबॅक. बिस्किट, गरम धान्य, मॅश टन. धूर, भट्टी. व्हॅनिला, मनुका, गोदाम. सगळी ओळखता येणार नाहीत, एक-दोन पटली तरी मजा येते.

पहिला घोट अगदी छोटा, तो फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून, त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट जिभेवर थोडा वेळ फिरवा, गिळल्यावर नाकातून श्वास सोडा, मागाहून जी चव रेंगाळते ती खरी माहिती देते. मग पाण्याचे काही थेंब. पाणी घातलं की कुणीतरी नाक मुरडतोच, पण २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटर सिम्युलेशन करून दाखवलं की धुरकट चव देणारं ग्वायाकॉल हे संयुग जास्त अल्कोहोलमध्ये द्रवाच्या आत दडून राहतं, आणि दारू पातळ केली की पृष्ठभागाकडे येतं. तेव्हा पाणी बिनधास्त घाला, थेंबाथेंबाने, आणि दर वेळी परत वास घ्या. बर्फ मात्र नको, थंडीत वास मिटतो, एरवी घरी काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. थुंकायला भांडं असतं आणि ते वापरण्यात लाज काहीच नाही, या धंद्यातली माणसं रोज हेच करतात.

गडद रंग म्हणजे जुनी आणि चांगली असं धरून चालू नका. स्कॉचमध्ये रंगासाठी साधं कॅरॅमल घालायला परवानगी आहे, बर्बनमध्ये नाही. लेबलवरचा आकडा सगळ्यात कोवळ्या पिंपाचा, म्हणजे १२ लिहिलंय तर आतली कुठलीही दारू १२ वर्षांपेक्षा लहान नाही. आणि जास्त वर्षं म्हणजे जास्त चांगली असंही नाही, लाकडात फार राहिली तर कडवट, तुरट होते.

गाडी कोण चालवणार हे निघायच्या आधी ठरवा. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडमध्ये ८०, त्यामुळे तिकडे "दोनच तर घोट घेतले" चालत नाही. बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हरचा वाटा छोट्या बाटल्यांत भरून देतात, आधी सांगून ठेवा. बुकिंग आधीच करा, आणि उन्हाळ्यात काही आठवडे दुरुस्तीसाठी उत्पादन बंद असतं ते तारखा बघताना विचारून घ्या, टूर चालू असते पण टाक्या रिकाम्या आणि स्टिल गार, म्हणजे नाकाला काहीच काम नाही.

दुकानातून घ्यायचंच असेल तर जी बाहेर कुठेही मिळते ती उचलू नका, तिथेच मिळणारी सिंगल कास्क, म्हणजे एकाच पिंपातून भरलेली बघा. ४६ टक्के किंवा जास्त आणि चिल फिल्टर न केलेली, म्हणजे थंड करून फिल्टरमधून न काढलेली असेल तर उत्तम. पाणी घातल्यावर ती थोडी ढगाळ दिसेल, बिघडली म्हणून घाबरू नका, गाळून न काढलेले तेलकट घटक आहेत ते. घरी बाटली उभी ठेवा, आडवी ठेवली तर अल्कोहोल बूच खातं. आणि बंद बाटलीत व्हिस्की आणखी मुरत नाही, तेव्हा जपून ठेवली तर ती जुनी होईल या आशेवर बसू नका, उघडा आणि प्या.